सकाळच्या तीन, संध्याकाळच्या तीन

"सूनबाईलाबी लय गुण आला बगा त्या गोळ्यांचा," गोजरबाई म्हणाली, आणि बुद्धभूषणच्या हातातला चहा बशीत सांडला. खरं तर त्यात सांडण्यासारखं काही नव्हतं. बारामतीच्या पाटबंधारे कचेरीत सकाळचे अकरा वाजले होते, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता आणि गोजरबाई बाजाराला आली होती. ती निरवांगीची, त्याच्या सासुरवाडीच्या शेजघरची. येताजाता निरोप पोचवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलेलं. त्याच्या सासूनं, पुतळाबाईंनी, तिच्याबरोबर रिकामा डबा पाठवला होता आणि निरोप दिला होता, की जावयानं दिलेल्या ताकदीच्या गोळ्यांची आणखी एक बाटली पाठवावी. करुणा आता बाळंत होईल, पण सून प्रियदर्शनीला अजून पाच महिने काढायचेत. बुद्धभूषणनं विचारलं, सुनेला गोळ्या कुठून आल्या? गोजरबाई हसली. "आता काय सांगावं! पुतळाबाईचं काम म्हंजी एकदम सरळ. सकाळच्या तीन लेकीला, सांच्याच्या तीन सुनंला. एकीला दिलं आन दुसरीला न्हाई, असं त्या घरात हुतंय व्हय?" कधीपासून? "पयल्या दिसापासनं की!" एवढं बोलून तिनं पिशवी उचलली आणि वांग्याच्या भावाची चौकशी करायला ती निघून गेली. बुद्धभूषण बशीतल्या चहाकडं बघत बसला. बारा दिवस झाले होते. बारा दिवस त्याच्या न जन्मलेल्या लेकराचं अर्धं औषध भलतीच्याच पोटात चाललं होतं, आणि ते ज्या घरात चाललं होतं तिथल्या एकाही माणसाला हे औषध कशाचं आहे ते ठाऊक नव्हतं. करुणालासुद्धा नव्हतं.

एस.टी.डी.च्या काचेच्या खोक्यात उभं राहून त्यानं पुण्याला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मला एक कळत नाही. तुमच्या मिसेसना ठाऊक आहे ना गोळ्या कशाच्या आहेत? मग त्यांनी वाटून कशा दिल्या?" समोरच्या यंत्रावर लाल आकडे पुढं सरकत होते. "तुम्ही मला सांगितलं होतं, की तिला सांगितलंय म्हणून." तो म्हणाला, "सांगणार होतो." पलीकडं बाईंनी श्वास सोडला, तो त्याच्या कानात आला. त्यांच्या प्रश्नापेक्षा त्यांचं न रागावणं त्याला जास्त लागलं. आजपासून सहाच्या सहा कॅप्सूल करुणानंच घ्यायच्या, त्या म्हणाल्या. वहिनीच्या ताबडतोब बंद, तिचं रक्त तपासून घ्या, बहुधा तिला काही होणार नाही. "आणि बारा दिवस अर्ध्याच गेल्या, त्याचं?" त्यानं विचारलं. "मला माहीत नाही. खरं सांगते, कुणालाच नीट माहीत नाही. पण अजून दिवस आहेत हातात. आणि हे बघा, कळा सुरू झाल्या की दर तीन तासांनी गोळ्या द्याव्या लागतात. त्या कोण देणार? बाळ झाल्यावर अंगावर पाजायचं की नाही, हे कोण ठरवणार? ताकदीची गोळी म्हणून हे निभणार नाही. आज सांगा." तो "हो" म्हणाला. हो म्हणणं त्याला कधीच जड गेलं नव्हतं, तिथंच तर सगळं बिघडलं होतं.

इंदापूरच्या एस.टी.त खिडकीकडंची जागा मिळाली. पिंपळी गेली. बाहेर उसाच्या गाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या, आणि ड्रायव्हर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. एरवी बुद्धभूषण हसला असता. आज एकेका गाडीमागं तो घड्याळ बघत होता. सदतीस आठवडे होऊन गेले होते. करुणाला आत्ता, ह्या क्षणी कळा सुरू झाल्या असल्या तर? पुतळाबाई गावच्या सुईणीला हाक मारतील, गरम पाणी ठेवतील, आणि लेकरू रडलं की तासाच्या आत त्याला आईच्या अंगाला लावतील. दुधाचा घोट त्याच्या ओठांत जाईल. ते चित्र त्याला इतकं स्वच्छ दिसलं, की त्यानं समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरला. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "गाडी लागती काय वो?" तो म्हणाला, हो.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच होतं. ते त्यानं मोडायला हवं होतं. पण मोडायचं तर कारण द्यायला लागलं असतं. मग त्यानं चांदीच्या रंगाच्या पट्ट्यांतून एकेक कॅप्सूल काढून टॉनिकच्या मोकळ्या बाटलीत भरली, नाव छापलेल्या पट्ट्या कचेरीच्या मागं जाळल्या, आणि सासुरवाडीच्या ओसरीवर बसून सगळ्यांच्या देखत सांगितलं, ताकदीच्या गोळ्या आहेत, पुण्याच्या, भारीतल्या, सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन. भारीतल्या! हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला होता, म्हणजे चुकवायच्या नाहीत म्हणून. आणि त्याच शब्दानं घात केला. भारीतली वस्तू पुतळाबाई एकट्या लेकीला कशी देतील? त्या नव्या नवरी असताना सासरी आधी पुरुष जेवायचे, मग लेकी जेवायच्या, आणि सुनांना टोपल्याचा तळ उरायचा. त्या टोपल्याच्या तळाशी त्यांनी काय शपथ घेतली असेल ती असेल, पण स्वतःची सून आल्यापासून त्या घरात सगळं बरोब्बर निम्मं होत आलं होतं. लुगडी एकाच ताग्यातली. आंबा एकच असला तर तो दोऱ्यानं कापायचा, म्हणजे सुरी इकडंतिकडं जायला नको. लग्न ठरताना करुणानं त्याला हे हसत हसत सांगितलं होतं, आणि तोही हसला होता. आपण किती चांगल्या घरात पडतोय, असं त्याला वाटलं होतं. आता त्याला वाटलं, जगात सगळीकडं औषध थोड्यांना मिळतं आणि बाकीचे बघत राहतात. एवढ्या पृथ्वीवर एकच बाई अशी, की जी गोळ्यासुद्धा समान वाटते, आणि ती नेमकी आपल्या लेकराच्या वाट्याला यावी! आणि तिचा राग करायची सोय नाही, कारण तिला अंधारात ठेवलं कुणी?

भवानीनगरला साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर खाली वाकला होता आणि मळीचा वास गाडीत शिरला. त्या वासाबरोबर त्याला मागच्या वर्षीचा एप्रिल आठवला, कारण पत्र आलं त्या दिवशीही असाच वास होता. जयंतीच्या रक्तदान शिबिरात तो दर वर्षी पहिला जाऊन झोपायचा. बाटली भरताना त्याला अभिमान वाटायचा. आपलं रक्त कुणाच्याही अंगात जाईल आणि कुणी विचारणार नाही ते कुणाचं, ह्या विचारानं तर फारच. अठ्ठ्याण्णव सालच्या शिबिरानंतर पत्र आलं, की सोयीनं भेटून जावं. तो भेटून आला. छोट्या खोलीतल्या माणसानं दार लावून घेतलं आणि सांगितलं, रक्तात एच.आय.व्ही. आहे. त्याला आधी वाटलं, तो रक्तगटाचाच काही प्रकार असावा. मग त्या माणसानं 'एड्स' हा शब्द वापरला, आणि बुद्धभूषणला सोलापूरच्या ट्रेनिंगच्या दिवसांतली ती खोली आठवली. लग्नाच्या आधीचं वर्ष, बरोबरच्या दोघांची चेष्टा, खोलीतला निळा दिवा, आणि परत येताना तिघांनी खाल्लेली भजी. एवढंच होतं ते. एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं नाव असतं, हे त्याला पुष्कळ दिवस खरं वाटलं नाही.

लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यानं करुणाला सांगितलं नाही. कामाचा ताण आहे म्हणून तो अंगणात झोपू लागला. एकदा दुकानातून निरोधचं पाकीट आणलं, तर ती म्हणाली, "आपल्याला मूल नगं का?" त्यानं पाकीट कपाटामागं टाकलं. हळूहळू दोन्हीकडच्या बायका विचारायला लागल्या, आणि करुणा एकदा भाकरी थापता थापता मध्येच हात थांबवून म्हणाली, "माज्यात काय कमी हाय, ते एकदा सांगा तरी." तेव्हा सांगायचं होतं. तिच्या हातावरचं पीठ वाळेपर्यंत ती वाट बघत होती. त्यानं सांगितलं नाही, आणि त्या आठवड्यात तो अंगणातून घरात झोपायला आला. सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. हे वाक्य त्याच्या मनात जसंच्या तसं उभं राहिलं आणि त्याला स्वतःची किळस आली. लासुर्णे येईपर्यंत ती गेली नाही.

सहाव्या महिन्यात बारामतीच्या डॉक्टरनं तिचं रक्त तपासलं आणि निकाल त्याला एकट्याला आत बोलावून सांगितला. बायकांना सांगून उगाच रडारड, असं वर म्हणाला. बुद्धभूषणला त्या वेळी त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले होते. पुण्याच्या बाई मात्र तशा नव्हत्या. त्यांनी त्याला जगाची बातमी सांगितली. तीन औषधं एकत्र दिली की परदेशात अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जातात, तीन वर्षं झाली. तो म्हणाला, "मग आम्हांला?" बाईंनी महिन्याचा आकडा सांगितला. त्याचे पाच पगार एका महिन्यात गेले असते, आणि औषध जन्मभराचं. "आज नाही. पण लोक भांडतायत. स्वस्त होईल, येईल," त्या म्हणाल्या. "तोवर बाळापुरतं एक औषध एक महिना देता येईल. धोका निम्म्यावर येतो." त्यानं मान हलवली. त्याला हे समजायला मुळीच जड गेलं नाही. खिडकीबाहेर नीरेचा डावा कालवा मधूनमधून दिसत होता. मुखाकडच्यांचा ऊस डोक्याएवढा होतो, आणि इंदापूरकडच्या शेपटाला पाणी पोचेपर्यंत कालव्याच्या तळाला भेगा पडतात. शेपटाकडच्यांच्या अर्जांवर तो स्वतःच्या वळणदार अक्षरात रोज लिहायचा, आपली पाळी आल्यावर पाणी देण्यात येईल. लोक ते कागद घडी करून खिशात ठेवायचे. त्यातला एकजण मागच्या साली कागद तसाच परत घेऊन आला होता, पीक जळून गेल्यावर.

फाट्यावर गाडी बदलली, आणि निरवांगीच्या गाडीत बसता बसता त्याला सुटका सापडली. रक्तगट! म्हणायचं, ह्या गोळ्या करुणाच्या रक्तगटाच्याच आहेत, दुसरीला बाधतात, डॉक्टर फोनवर फार चिडले. प्रियदर्शनी भिऊन आपणच बंद करील. करुणा सहाच्या सहा घेईल. बाळंतपणाला इंदापूरला न्यायचं म्हणजे मूल आडवं आहे म्हणायचं. अंगावर पाजायचं नाही, कारण तिला अशक्तपणा. एकेक खोटं आपसूक पुढच्याचा हात धरून येत होतं. त्याला हलकं वाटलं. इतकं हलकं, की गाडीतून उतरताना त्यानं दोन्ही बायकांसाठी पेरू घेतले, अगदी सारखे निवडून.

ओसरीवर दोघी पाठमोऱ्या बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. एकाच ताग्यातली जांभळी लुगडी, दोघींचे अंबाडे सारखे. क्षणभर त्याला आपली बायको ओळखू आली नाही. मग डावीकडची हात टेकून, कष्टानं वळली आणि हसली. "अवं, आज कसं काय?" करुणाचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता आणि ओठ फिके. पुतळाबाई आतून पदराला हात पुसत आल्या. "जय भीम, भूषणराव. निरोप पोचला व्हय गोजरीचा? एवढी घाई न्हवती वो." त्यानं पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवला आणि गाडीत बसवलेलं सगळं बोलून टाकलं: रक्तगट, डॉक्टरांचा राग, वहिनींनी आजपासून बंद. प्रियदर्शनीनं हातातली शेंग टाकली आणि पोटावर हात ठेवला. "बाई गं! मला म्हणूनच उलट्या हुत्यात का?" पुतळाबाईंचं तोंड एकदम उतरलं. "माजं चुकलं," त्या सुनेला म्हणाल्या. "मला वाटलं, चांगली वस्तू हाय, दोगींच्या तोंडात जावी." आणि बुद्धभूषणला वाटलं, झालं. जमलं.

तेव्हा करुणा म्हणाली, "मग माज्याबी बंद."

"अगं, तुझ्यासाठीच तर—"

"वैनीला बाधल्या, त्या मला बाधायच्या न्हाईत व्हय? आन समजा न्हाई बाधत. तरी तिच्या म्होरं बसून मी एकटी खाऊ व्हय? ह्या घरात मी असलं कदी केलं न्हाई." तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता. सहज, शेंगा सोलत ती बोलत होती. पुतळाबाईंनी मान डोलावली. "खरं हाय तिचं. आमाला बाळंतपणं गोळ्यांवाचून न्हाई झाली का? ती बाटली तुमी माघारी न्या, भूषणराव." आणि त्या खरंच उठल्या, फडताळातून बाटली काढून त्याच्यापुढं ठेवली. अर्ध्याच्या वर भरलेली. तो दुसरं खोटं शोधू लागला, आणि पहिल्यांदाच त्याला एकही सापडेना. समोर तुरीची टरफलं पडली होती, करुणाचं पोट लुगड्याखाली मधूनच हललं, आणि आतल्या जिवानं कूस बदललेली त्याला डोळ्यांनी दिसली.

"करुणा, जरा गोठ्याकडं येतेस?"

गोठ्यात एक गाय होती. तिच्या पलीकडच्या भिंतीला टेकून करुणा उभी राहिली, त्याच्याकडं जरा चेष्टेनं बघत; एवढ्या दिवसांनी नवरा एकांतात बोलावतो म्हटल्यावर कुणीही बघेल तशी. ती नजर बघून त्याला पळून जावंसं वाटलं. त्यानं सांगितलं. शब्द कसे आले ते त्याला नंतर आठवलं नाही. एड्स म्हटल्यावर तिची नजर बदलली, तेवढं आठवलं. तिनं भिंतीतला दाव्याचा खुंटा धरला. मग एकेक प्रश्न आला, हळू आवाजात.

"बाळाला हाय?"

"माहीत नाही. होऊ नये म्हणूनच गोळ्या."

"मला?"

"आहे."

"तुमच्यापासनं?"

"हो."

"तुमाला कदी कळलं?"

तो सहावा महिना म्हणू शकला असता. तिला कुणी दुसरं सांगणार नव्हतं. गाईनं शेपटी झटकली, ती त्याच्या पँटवर बसली. "मागच्या वर्षी," तो म्हणाला. "एप्रिलात."

तिच्या ओठांनी महिने मोजले. "म्हंजी ह्याच्या आदी."

"आधी."

तिनं त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही. खुंट्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती, आणि त्याला तिच्यासाठी, स्वतःसाठी, त्या आतल्या जिवासाठी इतकं भरून आलं, की तो खाली बसला. वरून तिचा आवाज आला. "बाळ झाल्यावर माज्या गोळ्या किती दिस?"

"बाळ झालं की बंद."

"मग माजं औषीद?"

"आहे. दुसऱ्या देशांत देतात. आपल्याकडं अजून..." पुढं त्याला कचेरीतलं वाक्य आठवलं आणि त्यानं ते गिळलं. "आपल्यापर्यंत आलेलं नाही."

"येतंय का?"

"येईल म्हणतात."

"कदी?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती भिंतीला धरून ओसरीकडं चालू लागली.

तो मागं पोचला तोवर ती बाटलीपाशी बसली होती. ऊन उतरलं होतं. ही प्रियदर्शनीची वेळ. करुणानं झाकण उघडलं, तळहातावर तीन कॅप्सूल घेतल्या, आणि वहिनीच्या देखत, आईच्या देखत, एकेक करून पाण्याबरोबर गिळल्या. शेवटची घशात अडकली. तिनं पुन्हा घोट घेतला. पुतळाबाई चकित होऊन बघत राहिल्या. "अगं, आत्ता तर नगं म्हनालीस." करुणानं बाटली मांडीत घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "ह्या माज्याच हायेत, आई," ती म्हणाली. "एकबी कुणाला द्याची न्हाई." तिच्या तोंडून हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच येत होतं. प्रियदर्शनीनं मान खाली घातली. पुतळाबाईंनी एकदा लेकीकडं आणि एकदा जावयाकडं बघितलं.

"काय झालंय?"

"त्येंना इचार. मी न्हाई सांगायची."

बुद्धभूषण ओसरीच्या कडेवर उभाच होता. बस म्हणायला कुणाला सुचलं नाही. त्यानं सांगितलं, ह्या वेळी एप्रिलपासून, काही न गाळता. पुतळाबाईंचा हात पुन्हापुन्हा लेकीच्या पाठीवरून फिरत राहिला. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून तो थांबला. त्यांनी दिल्या नाहीत. त्यांनी बाटलीकडं बोट केलं.

"लेकराच्या वाटच्या... माज्या हातानं किती गेल्या?"

आकडा त्याला पाठ होता. गाडीत त्यानं तो चार वेळा काढला होता.

"छत्तीस," करुणाच म्हणाली, त्याच्याकडं न बघता. "पर तू न्हाई घालवल्या, आई."